पिवळा ठिपका

१२ जानेवारी

मामा,

नमस्कार. वर्षभरात एक ओळ लिहिली नाही म्हणून तुम्ही रागावला असणार. तो राग पत्राच्या शेवटापर्यंत राखून ठेवा, पुढे आणखी कारण मिळणार आहे. परवा मी घरामागच्या शेडचं कुलूप तोडलं. किल्ली कुठे आहे ते आईला आठवत नाही, किंवा आठवतं आणि ती सांगत नाही. आत बाबांची उघड्या टपाची गाडी, आपली बगळी, उभी आहे.

सव्वीस वर्षांनी पाहिली. अकराव्या वर्षापासून मी मनात चेंदामेंदा झालेली गाडी घेऊन फिरत होतो, आणि इथे डाव्या मडगार्डला एक पोचा आणि फुटलेली काच, एवढंच. बाकी सगळं नुसतं उभं राहून गेलंय. टपाचं कापड उंदरांनी खाल्लं, सळया तेवढ्या उरल्या. दाराखालच्या पत्र्याला बोट लावलं की पापुद्रे सुटतात. इंजिन तर दगड झालंय. क्रँकच्या दांड्याला पाना लावून अक्षरशः लोंबकळलो, तरी केसभर हललं नाही.

मग बॅटरी घेऊन गाडीखाली आडवा झालो, तर त्या गंजाच्या पसाऱ्यात पहिली ओळखीची गोष्ट दिसली ती तुमचे पिवळे ठिपके. नट आवळून झाला, पुन्हा तपासून झाला, की त्यावर छोट्या ब्रशने पिवळा ठिपका. ठिपका दिसला की त्या नटाला परत पाना लावायचा नाही. "हा ठिपका म्हणजे माझा शब्द," असं तुम्ही मला गॅरेजमध्ये सांगितलं होतं, तेव्हा मी तुमच्या कमरेएवढा होतो. ते ठिपके अजून जागच्या जागी आहेत.

आता खरं कारण. आईला काचबिंदू आहे. डॉक्टर म्हणतात, नजर कडेने आत येत चालली आहे, नळीतून बघावं तसं तिला दिसतं, आणि हे वर्ष सरेपर्यंत तेही राहील की नाही सांगता येत नाही. ती काही मागत नाही, तिचा स्वभाव तुम्हाला ठाऊक. पण गेल्या आठवड्यात भांडी पुसता पुसता म्हणाली, "तळ्याच्या रस्त्याने एकदा जायला हवं होतं." सव्वीस वर्षांत तिने त्या रस्त्याचं नाव काढलं नव्हतं. मी ठरवलं, तिला दिसतंय तोवर बगळी चालती करायची, आणि तिला त्याच गाडीतून, टप उघडा ठेवून, त्या रस्त्याने न्यायचं.

मी पडलो कवळ्या बनवणारा माणूस. तुमच्याशिवाय हे व्हायचं नाही. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, तेव्हा सगळं पत्रानेच विचारीन. आता रागवा.

तुमचा भाचा

२० जानेवारी

कवळीवाले भाचेराव,

पत्र चार दिवसांपूर्वी मिळालं. लगेच उत्तर लिहायला बसलो होतो, पण लिहिलेलं फाडलं.

माझं ऐकशील तर भंगारवाल्याला बोलाव आणि शेड मोकळी कर. लोकांच्या कवळ्या नीट बसेनात म्हणून आता इंजिनं उघडायला निघालास काय? बायोला तळ्यावर न्यायचं तर भाड्याची गाडी कर, तिला चार दारं असतात आणि वर छप्परही असतं. माझी बहीण आहे म्हणून सांगतो, तिला वारं सोसत नाही.

पण तू ऐकणाऱ्यातला नाहीस. बापावर गेलास. तेव्हा निदान नीट कर. एकच काम हातात घे, इंजिन. पुढची चाकं, स्टीअरिंग, त्या बाजूला फिरकू नकोस. ते सगळं मी स्वतः बसवलेलं आहे. ठिपके बघितलेस ना? मग झालं.

सगळे स्पार्क प्लग काढ. प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि गिअर ऑइल निम्मंनिम्मं ओत आणि पंधरा दिवस विसरून जा. हातोडा उचललास तर तिथे येऊन हात मोडीन. उघडताना बेअरिंगच्या प्रत्येक टोपीवर आकडा ठोक. पहिलीची टोपी पहिलीवरच बसली पाहिजे, त्यांची अदलाबदल चालत नाही. क्रँक आडवा टाकू नकोस, वाकतो. उभा ठेव.

याला वर्ष लागेल, दीड लागेल. घाई करू नकोस. उंटावरून शेळ्या हाकायला मी इथे बसलेलोच आहे.

बायो शेडमध्ये येते का? तिला फार आत येऊ देऊ नकोस. पाय घसरेल.

मामा

१६ फेब्रुवारी

मामा,

क्रँक हलला! सतराव्या दिवशी. तीन पिस्टन सैल झाले, चौथ्याने मात्र शेवटपर्यंत दाद दिली नाही. मग लाकडाचा ठोकळा ठेवून अगदी हलक्या हाताने… नाही, हातोडा नव्हता. लाटणं होतं. आईला सांगू नका.

घराची दशा बघाल तर हसाल. इंजिनाचा ब्लॉक जेवणाच्या टेबलावर आहे आणि आम्ही दोघं ओट्यापाशी उभ्याने जेवतो. वॉल्व्ह माझ्या दातांच्या साच्यांशेजारी ओळीने मांडलेत. क्रँक तुम्ही सांगितला तसा उभा, आईच्या खोलीच्या कोपऱ्यात, जुन्या चादरीत गुंडाळून. परवा पहाटे मला तिचा आवाज आला. कोपऱ्याकडे तोंड करून ती म्हणत होती, "अहो, उभे का? बसा ना." मी दिवा लावला. तिने चादर चाचपून पाहिली आणि आत जाऊन चहा टाकला.

खालचा पत्रा नवीन जोडायला एक वेल्डर लावलाय. कामाचा माणूस आहे, पण तोंडाचा पट्टा सतत चालू. म्हणाला, "साहेब, इतकी वर्षं झाली, स्टीअरिंगचे सांधे उघडून बघू या की." मी त्याला ठिपक्याची गोष्ट सांगितली आणि हात लावू दिला नाही. तो म्हणाला, "तुमचे मामा देव आहेत का?" मी म्हटलं, जवळपास.

एक विचारायचं आहे. त्या दिवशी नक्की काय झालं? आईला विचारलं की म्हणते, तुझ्या मामाला विचार, त्याने पाहिलं. तुम्ही टो करायची गाडी घेऊन पहिले पोचलात एवढं मला माहीत आहे. शाळेत मला "बाटलीवाल्याचा" म्हणायचे. मी आजवर थेंबाला शिवलो नाही, ते काही सद्गुणाने नव्हे, त्या नावाच्या भीतीने. आईने घरात त्यांचा एक फोटो लावला नाही. आता रोज त्यांच्या गाडीत हात घालतो, तर वाटतं, एकदा नीट कळावं.

तुमचा भाचा

२५ फेब्रुवारी

भाचेराव,

लाटण्याबद्दल तुला माफ केलं. मी उमेदवारीत असताना उस्तादाच्या चपलेने पिस्टन ठोकला होता आणि त्याच चपलेने मार खाल्ला होता.

पिस्टनच्या रिंगा नवीन घे. बसवताना तिन्ही रिंगांच्या फटी एका रेषेत येऊ देऊ नकोस, तीन दिशांना तोंडं कर, नाहीतर इंजिन तेल पिईल. पिस्टनच्या डोक्यावर बाण असतो, तो पुढच्या बाजूला. क्रँक मात्र घरी घासू नकोस. कारखान्यात पाठव. तिथे तीन-चार महिन्यांची रांग असते, असू दे. थांबायला शीक.

वेल्डरला सांग, पत्रा जोडावा आणि गप्प बसावं. प्रत्येकाने आपली पायरी ओळखून असावं.

तू विचारलंस म्हणून लिहितो, पुन्हा विचारू नकोस. मी पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं. वळणावर गाडी खाली गवतात उतरली होती आणि तो बाहेर फेकला गेला होता. तोंडाला वास होता. मी ते बायोला सांगितलं, पोलिसांना सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं. चांगला माणूस होता, एक दिवस चुकला. माणूस चुकतो रे. गेलेल्याची चूक गेलेल्याबरोबर जाऊ द्यावी, ती उकरून जिवंत माणसांचं भलं होत नाही.

बायोच्या डोळ्यांचं ऑपरेशन होत नाही का? डॉक्टर बदलून बघ.

मामा

२३ मार्च

मामा,

तुमच्या कारखान्यात रांग होती, आमच्या इथे नव्हती. आठ दिवसांत क्रँक आरशासारखा होऊन आला. इंजिन जोडून झालं! तिसरा पिस्टन बाण मागे करून बसवला होता, हेड बसवायच्या आधी ध्यानात आलं, सगळं पुन्हा काढलं. आईने शिव्या मोजल्या, म्हणाली, बापाचा विक्रम मोडलास. बाबांबद्दल तिच्या तोंडून आलेला हा पहिला विनोद.

पत्रा झाला. टपाला नवीन कापड लागलं. गाडीखालचं सगळं रॉकेलने धुऊन काढलं, वर गंज सुटायचं तेल मारलं. सव्वीस वर्षांचं चिकट ग्रीस गेलं आणि तुमचे ठिपके उजळून निघाले.

सीट काढताना तिच्या खाली बाबांची वही सापडली. तुम्हाला आठवत असेल, गाडी काढली की ते पेन्सिलने तारीख, किलोमीटर आणि एखादा शेरा लिहायचे. "ब्रेक छान." "बायको सोबत, तळ्यावर चहा." शेवटचं पान त्याच दिवसाचं आहे. लिहिलंय, "गॅरेजमधून घेतली. डावीकडे ओढते. स्टीअरिंग सैल वाटतं. परतताना मेव्हण्याला दाखवणे."

मी ते पान कितीतरी वेळ बघत बसलो. दारू प्यायलेल्या माणसाला स्टीअरिंग सैल वाटणारच, नाही का? त्यांचं अक्षर मात्र सुतासारखं सरळ आहे. तशा अवस्थेतही त्यांना तुमची आठवण झाली, तुमच्यावर भरवसा होता, हे वाचून मला रडू आलं. म्हणून तुम्हाला कळवतोय. आईला अजून दाखवलेली नाही.

तुमचा भाचा

३१ मार्च

भाचेराव,

वही मला पाठवून दे. लगेच. रजिस्टर पोस्टाने. बायोला दाखवू नकोस, तिला त्रास होईल.

आणि गाडी रस्त्यावर काढायची नाही. नवीन इंजिन आधी जागेवर उभं ठेवून चाळीस तास चालवावं लागतं. ते झाल्यावर तेल बदलायचं आणि पुन्हा चाळीस तास. शिवाय टायर. शिवाय तुझा हात उघड्या गाडीवर बसलेला नाही. उन्हाळा संपला की मी स्वतः येईन, गुडघ्यांचं काय व्हायचं ते होवो, आणि मी हो म्हटल्यावरच गाडी हलेल. तोवर चाकांखाली विटा लाव.

हे पत्र मिळाल्याचं कळव. मला इथे झोप नाही.

मामा

१० एप्रिल

मामा,

चालू झालं! मंगळवारी संध्याकाळी. स्टार्टरच्या पहिल्या दोन झटक्यांना नुसतं खाकरलं, तिसऱ्याला कार्ब्युरेटरमधून एक भडका, माझ्या उजव्या भुवईचे केस गेले, आणि चौथ्याला धरलं. वेल्डर नाचला. आई दारात उभी होती. ती आवाजाच्या दिशेने चालत आली, बॉनेटवर हात ठेवला आणि तसाच ठेवून राहिली. मग म्हणाली, "ह्याच आवाजावर मी दार उघडायची." मामा, मी हे इंजिन दुसऱ्या कशासाठी जोडलंच नव्हतं.

वही पाठवत नाही, रागवू नका. ती गाडीतच राहू दे, तिच्या जागी. चाळीस तासांचं वेल्डरला विचारलं, तो हसला. टायर नवीन आहेत. आणि उन्हाळा संपेपर्यंत थांबता येणार नाही. कालच डॉक्टरांकडे जाऊन आलो. उजवा डोळा संपला. डाव्याचे दोन महिने म्हणतात, तेही धरून चालू नका म्हणतात. म्हणून ठरवलं, येत्या रविवारच्या पुढचा रविवार, वीस तारीख, सकाळी नऊ. आईने कपाटातून जुना रुमाल काढून ठेवलाय, डोक्याला बांधायला.

काल अंगणातल्या अंगणात चार फेऱ्या मारल्या. जरा डावीकडे ओढते आणि स्टीअरिंग थोडं सैल लागतं, पण म्हातारी गाडी आहे, एवढं चालायचंच. वेल्डर परत म्हणाला, उघडू या. मी त्याला उजव्या चाकामागचा तुमचा ठिपका पुसून दाखवला. काल दिल्यासारखा आहे.

तुम्ही सोबत असता तर. तळ्यावर तुमच्या नावाने एक चहा घेऊ.

तुमचा भाचा

१५ एप्रिल

बाळा,

तुझं पत्र आत्ता दुपारी आलं. हे जलद टपालाने टाकतो आहे, शनिवारी तुझ्या हातात पडलं पाहिजे. आधी मुद्दा वाच, मग बाकीचं. गाडी काढू नकोस. तू पुसलास तो उजव्या चाकामागचा नट पक्का नाही. तो मी बोटांनी बसवलेला आहे. त्याला पाना लागलेला नाही. त्यात पिन नाही.

तो नट स्टीअरिंगचा दांडा चाकाला धरून ठेवतो. त्याच्या खाचांमधून एक पिन आरपार घालून तिची टोकं वाकवायची असतात, म्हणजे तो फिरत नाही. पिन नसली तर थोडा थोडा फिरत सुटतो, आणि दांडा निसटला की चाक स्टीअरिंगचं ऐकत नाही. कुठे सुटेल ते सांगता येत नाही. वळणावर जोर पडतो, तिथे बहुतेक.

त्या दिवशी सकाळी मी तो सांधा नवीन टाकला होता. आधी आवळायचं, मग पिन, मग तपासायचं आणि शेवटी ठिपका, हा माझा नियम. त्या दिवशी कामं फार होती, रंगाचा ब्रश हातात होता, मी सगळे ठिपके एकदम देऊन टाकले आणि पिना नंतर घालू म्हटलं. डावी घातली. तेवढ्यात तुझे बाबा आले, घाईत होते, त्यांना दुपारी बायोला घेऊन तळ्यावर जायचं होतं, त्याआधी गाडी एकदा पळवून बघायची होती. त्यांनी वाकून बघितलं, ठिपके दिसले, म्हणाले, झालंय की. मी मागच्या गाडीखाली होतो. मी हो म्हटलं.

उजवी पिन मला शर्टाच्या खिशात सापडली, टो करायला निघालो तेव्हा. वळणावर पोचलो तर दांडा लोंबत होता. माझ्या पेटीतला नट काढून मी तो बोटांनी चढवला. पाना लावला असता तर लोकांनी बघितलं असतं. गॅरेजमध्ये आणल्यावरही त्याला पुन्हा पाना लावायला मी धजलो नाही, नुसता ठिपका दिला, आणि दुसऱ्या दिवशी पोलीस आले तेव्हा तोच ठिपका त्यांना दाखवला. मग त्यांनी विचारलं, असं झालं कसं, आणि माझ्या तोंडून वासाचं निघालं. दारूचा वास नव्हता. होता तो पेट्रोलचा. तुझ्या बाबांनी त्या दिवशी पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. त्यांनी वहीत लिहिलं ते खरं होतं. ते परत मलाच दाखवायला येत होते.

गाडी तुमच्या शेडमध्ये गेली. मी मनाशी म्हटलं, ती आता कधी चालणार नाही. तू कवळ्या करणारा, तू इंजिन जोडशील असं मला वाटलंच नव्हतं. म्हणून शिकवत राहिलो. तुझी पत्रं येत होती, मला बरं वाटत होतं. प्रत्येक पत्राला म्हटलं, पुढच्या वेळी सांगू.

खालच्या मजल्यावरच्या शिक्षिकेला तुझ्या कामाच्या ठिकाणी फोन करायला लावतो. तिला फक्त एवढंच सांगायला सांगतो की मामा म्हणतात गाडी काढू नका. बाकीचं परक्या बाईच्या तोंडून मला सांगवत नाही.

बायोला काय सांगायचं ते तू ठरव. नको सांगूस म्हणायचा मला अधिकार नाही, तरी म्हणतो.

मामा

१८ एप्रिल

मामा,

आज कामावर तुमच्या शेजारणीचा फोन आला. आमच्या सहाय्यकाने घेतला. "मामा म्हणतात गाडी काढू नका." कारण विचारलं तर बाईंना माहीत नव्हतं.

रागावून लिहीत नाही, पण लिहितो. आधी भंगारात द्या म्हणालात. मग वर्षभर थांबा, मग कारखान्याची रांग, मग डॉक्टर बदल, मग चाळीस तास, मग उन्हाळा. आता कारणही नाही. तुम्हाला तो दिवस आठवतो, भीती वाटते, हे मला समजतं. तुम्ही तिथे एकटे होतात, आम्ही नव्हतो. पण तुमच्या भीतीसाठी आईचे दोन महिने मी घालवणार नाही. ती सोमवारपासून वार मोजते आहे.

रविवारी नऊला निघतोय. सोमवारी सविस्तर लिहीन. तोवर निश्चिंत राहा. तुमचे ठिपके आहेत ना सोबत.

तुमचा भाचा

२२ एप्रिल

दादा,

अक्षर वेडंवाकडं आहे. ओळी एकीवर एक चढत असतील, मला दिसत नाहीत. पोराला सांगून लिहून घेतलं असतं, पण तो तुला लिहिणार नाही. म्हणून मीच.

तुझं पत्र शनिवारी दुपारी आलं. तो मागे चाकांत हवा भरत होता. पाकिटावर तुझं मोठं अक्षर ओळखलं म्हणून मी फोडलं. मला वाटलं, माझी चौकशी असेल. भिंग घेऊन खिडकीत बसले. एक एक शब्द शोधून वाचावा लागतो, त्यामुळे वेळ लागला. चार वाजेपर्यंत वाचत होते. काही ओळी दोनदा वाचल्या, नीट दिसल्या नाहीत म्हणून नव्हे.

मग शेडमध्ये गेले. त्याला म्हटलं, उजवं चाक काढ. तो म्हणाला, आई, तिथे मामाचा ठिपका आहे. मी म्हटलं, म्हणूनच. त्याने चाक काढलं. मी त्याचा हात धरून आत हात घातला आणि नट दोन बोटांत धरला. दादा, तो फिरला. रॉकेलने धुतलेला, तेल पाजलेला, बाटलीच्या झाकणासारखा फिरला. तीन वेढे आणि माझ्या हातात आला. मग पोराने पत्र वाचलं. वाचून झाल्यावर तो जमिनीवर बसला. त्याने मला एकच विचारलं, "आई, मग मला शाळेत जे म्हणायचे ते…"

तू चुकलास, त्याचं मला काही म्हणायचं नाही. हाताने काम करणारा माणूस चुकतो. त्याच दिवशी रडत येऊन सांगितलं असतंस तर मी तुला मारलं असतं आणि मग जेवायला वाढलं असतं. पण मी सव्वीस वर्षं त्या माणसावर रागावून काढली. फोटो लावला नाही. पोराने बाबा म्हटलं की मी विषय बदलायची. मला घेऊन जायचं होतं म्हणून गाडी तपासायला निघालेला माणूस, आणि मी त्याला दारुडा म्हणून मनातून काढून टाकलं, कारण माझ्या भावाने सांगितलं होतं. माझे डोळे आता चाललेत असं डॉक्टर म्हणतात.

आणि गेल्या शुक्रवारीसुद्धा तू शेजारणीच्या फोनवर "नट" एवढा एक शब्द सांगितला नाहीस. टपालाला एक दिवस उशीर झाला असता तर रविवारी त्या वळणावर मी आणि माझा मुलगा होतो. लाज राखायला तू आम्हा दोघांना पणाला लावलंस. हे मी पुन्हा पुन्हा मनात उलटून बघते, आणि दर वेळी तसंच निघतं.

रविवारी आम्ही गेलो. वेल्डर पहाटे नवीन नट आणि दोन पिना घेऊन आला, पुढचं सगळं उघडून पुन्हा बसवलं. त्याला ठिपका देऊ दिला नाही. वळणावर पोराने गाडी थांबवली. मला गवताचा हिरवा रंग दिसला आणि तळ्याची चमक दिसली, बाकी धुरकट. त्याने मला वहीचं शेवटचं पान वाचून दाखवलं. मी तिथे त्यांची माफी मागितली, मोठ्याने, पोरासमोर. मग त्याने त्याच पानाखाली तारीख घालून लिहिलं, "आई सोबत. स्टीअरिंग सरळ."

माझी माफी मागून झाली. तुझी राहिली आहे. ती पत्राने पाठवू नकोस. गुडघे दुखत असले तरी इथवर ये, त्यांचा फोटो आता बाहेरच्या खोलीत आहे, आधी त्याच्यासमोर उभा राहा. मी दार उघडीन की नाही, ते तेव्हाचं तेव्हा.

नट या पाकिटात घातला आहे. ठिपका तसाच आहे, खरवडला नाही. पोस्टातल्या माणसाने पाकीट हातात घेऊन विचारलं, आजी, आत काय आहे, जड लागतंय. मी म्हटलं, माझ्या भावाचा शब्द आहे, परत पाठवते आहे.

बायो